ब्रिंबलांच्या घरातला कैदी

"ते जेवायच्या टेबलावरून उचल," पॉप म्हणाला.

टॅम्सिनने उचललं नाही. उलट लॅपटॉप आजोबांच्या ताटलीपर्यंत सरकवला.

"बघ तरी, पॉप. ईनॉक ब्रिंबल, वय एकोणीस. इंग्लंडमधल्या डॉर्सेटहून सात वर्षांसाठी इथे हद्दपार. कशाबद्दल, माहितीय? शेजाऱ्याची मधमाश्यांनी भरलेली टोपली चोरली."

"डोकं कमीच होतं म्हणजे."

"नाक लांब, भुवया जुळलेल्या, असं लिहिलंय. जरा आरशात बघ. आणि इथे आल्यावर दोनदा पळाला. दोन्हीदा सापडला."

"सापडला, मग पळाला कसला?"

टॅम्सिन खळखळून हसली. पॉप हसला नाही. लोणी लावलेला पाव त्याने तसाच खाली ठेवला.

तिला त्याचं नवल वाटलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टमधल्या जुन्या माणसांचं हे असंच. घरात कैदी पूर्वज निघाला तर ठरलेली लग्नं मोडायची, असा तो काळ. लोक दफ्तरखान्यातल्या कैद्यांच्या नोंदींची पानंच्या पानं ब्लेडने कापून न्यायचे. आता सगळं उलटं झालं होतं. टॅम्सिनच्या वर्गात ज्यांच्या घरात एकही कैदी नव्हता, त्यांची कीव केली जायची.

रविवारी, कैद्यांची जहाजं लागायची त्या जुन्या धक्क्यावर वंशज एकेक करून आपापल्या कैद्याचं नाव पुकारणार होते. शाळेतून टॅम्सिनची निवड झाली होती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी टॅम्सिन आता शेकडो लोकांसमोर माइक धरणार होती. अट एकच होती, नातं पक्कं सिद्ध व्हायला हवं. ईनॉकपासून पॉपच्या वडिलांपर्यंत सगळं जुळलं होतं. पॉपचा जन्मदाखला तर ड्रॉवरमध्येच होता.

"आता फक्त एक फोटो राहिलाय," ती म्हणाली. "समितीच्या मिसेस क्विल्टी म्हणाल्या, ब्रिंबलांची थडगी दाखव, की तुझं नाव पक्कं. तुमच्या गावच्या चर्चमागे आहेत ना? चल, शनिवारी जाऊ तुझ्या गाडीने."

"त्या चर्चचं छप्पर पडलंय."

"छप्पर पडलं म्हणून थडगी कुठे जातात?"

"टॅम, हे सोड."

"का पण?"

पॉपने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय? आज मागतोय. तिथे जाऊ नकोस."

"लाज वाटते तुला, दुसरं काय. अरे, दोनशे वर्षं होत आली. आता कोण हसतंय?"

"तुला काय समजायचं ते समज. पण तिथे गेलीस, तर पुन्हा या घरात येऊ नकोस."

तो असं कधीच बोलला नव्हता. बाबा गेल्यापासून शाळा सुटली की ती आधी याच घरी यायची. सायकल शिकली ती इथल्या उतारावर, गणित शिकली ती याच टेबलावर. तिने लॅपटॉप मिटला आणि निरोप न घेताच निघाली.

तीन रात्री तिने दोन्ही बाजूंनी विचार केला. धक्का आणि पॉप, पॉप आणि धक्का. शेवटी तिने ठरवलं की हट्टी म्हातारा धक्क्यावर आपल्याला ऐकेल, रडेल आणि माफ करेल.

शनिवारी ती एकटीच बसने ह्युऑनच्या खोऱ्यात उतरली. सफरचंदांच्या उघड्याबोडक्या बागांमधून चढण चढली. चर्चचं छप्पर खरंच पडलेलं होतं. या गावाकडे पाठ फिरवली ती कायमची, असं पॉप नेहमी सांगायचा. मग छपराचं त्याला कसं कळलं?

मागच्या बाजूला ओळीने ब्रिंबलच ब्रिंबल होते. ईनॉकचा दगड शेवाळाने हिरवा झाला होता. तिने बोटाने अक्षरं मोकळी केली, फोटो काढला आणि मिसेस क्विल्टींना पाठवून टाकला. झालं. एवढंसं तर काम होतं.

वळताना तिला ओळीच्या टोकाचा छोटा दगड दिसला. तेवढ्या एकावरच शेवाळ नव्हतं. कुणीतरी तो नियमित घासत असावं. पुढे मुरंब्याच्या बरणीत ताजी डॅफोडिल्स होती.

लॉरेन्स ब्रिंबल.

पॉपचंच नाव. असू दे, एकाच घरात तीच तीच नावं असतात, असं म्हणत ती वाकली. जन्म ९ मे १९४१. पॉपच्या वाढदिवसाचा केक ती दर वर्षी याच तारखेला करायची. सालही तेच.

त्याखाली आणखी एक ओळ होती. मृत्यू २ ऑगस्ट १९४४.

फाटकापाशी गाडी थांबली. इंजिनाचा तो खोकला तिने झोपेतही ओळखला असता. गवतातून पावलं जवळ आली. तिला मागे वळवेना.

"ही फुलं कोण ठेवतं?" तिने विचारलं.

"मी."

"हा कोण, पॉप?"

"लॉरी ब्रिंबल. तीन वर्षांचा होता. ड्रॉवरमधला दाखला त्याचा."

"मग तू?"

पॉप गुडघ्यांवर बसला. वाऱ्याने कललेलं एक फूल त्याने सरळ केलं.

"तुला घरातला कैदीच हवा होता ना, टॅम," तो म्हणाला, "मग मेलेल्यांत कशाला शोधत बसलीस?"