बिबट्या नाव घेत नाही

जहाज बुडालं तसा कुशाबानं मोबाईल मांडीवर आपटला. राजुरीच्या खंडोबाच्या देवळात बसून एवढा राग बरा दिसत नव्हता, पण करतो काय? लुटीनं गच्च भरलेलं जहाज, आणि ऐन बंदराच्या तोंडाशी तो मेला बिबट्या आडवा आला.

खरा बिबट्या उसात असतो. हा मोबाईलवरच्या चाच्यांच्या खेळातला, कुठला कोण देव जाणे. कुशाबाच्या टोळीत तीन म्हातारे. तो स्वतः कप्तान, हाताखाली सावळेराम आणि रखमाजी. तिघांच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली, समुद्र कुणी बघितला नव्हता. पण खेळात त्यांनी भल्याभल्यांची जहाजं रिकामी केली होती. आणि आता त्यांनाच कुणी लुटायचं? दरोडेखोरांना लुटायचं म्हणजे काही जनाची लाज?

"वर आणि काय लिवलंय बघा," सावळेराम वाचू लागला. "सावळेराम, आधी चष्मा पूस. रखमाजी, तोफ डाग, तंबाखू नंतर मळ. आन तुमच्या कप्तानाला म्हनावं, घरी जाऊन निजा."

"माझं नाव कधीच घेत न्हाई," कुशाबानं मिशीवरून हात फिरवला. "भ्यातो मला."

"भ्यातो तर लुटतो कशाला?" रखमाजी म्हणाला.

कुशाबाला ते झोंबलं. "आपण वाट बदलली, हे त्याला सांगितलं कुणी? सावळेरामला तर खेळ धड उघडता येत न्हाई. राहिलं कोण?"

रखमाजी त्याच्याकडं बघतच राहिला. लहानपणापासून दोघांनी एका घोंगडीत थंडी काढली होती. "माझ्यावर संशय घेतो व्हय?" एवढं बोलून तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला.

घरी जेवताना कुशाबानं सगळा राग बायकोपुढं, बायडाबाईपुढं ओतला. रखमाजीची गद्दारी, उद्याची नवी खाडी, नवा बेत, सगळं. ती हूं हूं करत भाकऱ्या थापत होती.

"रखमाजी भावजी तसलं करायचे न्हाईत," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय जहाजातलं? तू भाकरी बघ."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी दोघांनीच जहाज काढलं. खाडीत शिरले आणि समोर काळा झेंडा. बिबट्या आधीच येऊन थांबला होता. धडाधड तोफा सुटल्या आणि होतं नव्हतं ते सगळं गेलं.

सावळेरामनं मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "कुशाबा, ही खाडी रखमाजीला ठावकीच नव्हती."

रखमाजीचं उठून जाणं कुशाबाला आठवलं. सख्ख्या भावासारखा माणूस त्यानं उगाच दुखावला होता, आणि तो कुणामुळं? तर ह्या तोंड लपवणाऱ्या चोरामुळं. कप्तानकी गेली तर गेली, पण आज ह्याला सोडायचं नाही, असं त्यानं ठरवलं. एकेक अक्षर शोधत, दातओठ खात त्यानं लिहिलं, "मर्द असशील तर माझं नाव घेऊन दाखव. घेतलंस तर आजपासून कप्तानकी सोडतो."

उत्तर लगेच आलं नाही. कुशाबा छाती काढून बसला. "बघ, हाय का हिंमत?"

मोबाईल वाजला. सावळेरामनं चष्मा पुसला, मनातल्या मनात एकदा वाचलं, आणि कुशाबाकडं न बघता मोठ्यानं वाचलं:

"भर दर्यात लुटला मोहरांचा हंडा, कुशाबारावांचं नाव घेते, रखमाजी भावजींकडं द्या झेंडा."