समोरचं घर

जुलेखाने हेडफोनमधून एक कान मोकळा केला. "सर, थांबवा त्यांना. सूर्याचा सूर मागच्या अंगाला चढलाय."

चांद्रमोहिमेच्या केंद्राचे प्रमुख डॉ. ओझरकर घड्याळाकडे बघत होते. चंद्रावरची अकरा माणसं भुयारातून बाहेर पडून उघड्यावरच्या कामाला लागणार होती. "अहो जुलेखाताई, सूर्याच्या पोटातला आवाज यंत्रानेही ऐकलाय. पुढून-मागून सगळं स्वच्छ आहे म्हणतंय."

"एवढासा फरक यंत्र खरखर समजून गाळतं, सर. आम्ही मिरजेचे तबले करणारे. तबल्याच्या काठावर वादीमधली सोळा घरं असतात; सूर लावताना एका घरावर हातोडी मारली, की समोरचं घर वाजवून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. आज सूर्याचं समोरचं घर चढं बोलतंय. तिथे डाग धरलाय."

ओझरकरांनी कपाळाला हात लावला, पण माणसं भुयारातच ठेवली. तीन दिवस त्यांनी वरिष्ठांची बोलणी खाल्ली. चौथ्या दिवशी दुपारी सूर्य फिरता फिरता काळ्या डागांचा भलामोठा पुंजका मागून कडेला आला आणि फुटला. चंद्राची उघडी जमीन घातक किरणांच्या माऱ्याखाली सापडली.

बऱ्याच वेळाने भुयारातून आवाज आला, "अकराच्या अकरा ठणठणीत!" केंद्रात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"या यंत्राचं आता काय करायचं, ताई?" ओझरकरांनी डोळे पुसत विचारलं.

"असू दे की, शिकेल," जुलेखा म्हणाली. "मलाही अब्बांनी हातोडी द्यायच्या आधी सात वर्षं नुसतं ऐकायला बसवलं होतं."