प्लास्टरची नजर

हॉलमधलं घड्याळ कालच्या जागेवर नव्हतं. चांगलं वीतभर डावीकडे सरकलं होतं आणि जुन्या खिळ्याचं भोक भिंतीवर उघडं पडलं होतं.

"आई, घड्याळ कुणी हलवलं?"

"असेल तिथेच," आई पर्स भरता भरता म्हणाली. तिनं भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मुलगी मात्र बघत राहिली. घरात तिला काय हाक मारत ते सोडा, कॉलेजात तिचं नाव प्लास्टर होतं. मीडियाच्या पहिल्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये तिच्याकडे कंटिन्युइटी होती. सिनेमा उलटसुलट शूट होतो, शेवटचा सीन आधी आणि पहिला नंतर. त्यामुळे कप कुठे होता, बाही किती दुमडली होती, हे कुणाला तरी लक्षात ठेवावं लागतं. तिनं कप लक्षात ठेवला, बाहीही ठेवली. आणि हिरोच्या हाताचं प्लास्टर एका सीनमध्ये डाव्या हातावर तर पुढच्या सीनमध्ये उजव्या हातावर निघालं. अख्ख्या वर्गासमोर, मोठ्या पडद्यावर. सरसुद्धा हसले.

आता दुसरा प्रोजेक्ट डोक्यावर होता. गोष्ट साधीच होती, रुसून गेलेली मुलगी घरी परत येते. शूटिंग प्लास्टरच्याच घरी, रविवारी. डायरेक्टर झालेली मैत्रीण तिला पुन्हा कंटिन्युइटी द्यायला तयार होती, पण कॅमेरावाला लंबू नाक मुरडत होता.

"या वेळी हिरॉइनच बदलली तर?" तो म्हणाला.

म्हणून प्लास्टरनं नजरेला वळण लावायला घेतलं. बसस्टॉप असो, कँटीन असो, सगळं डोळ्यांत भरून घ्यायचं, डोळे मिटायचे आणि आठवायचं. ही सवय तिच्यामागे घरात आली आणि तिची झोप उडाली.

घड्याळानंतर बाबांचा चहाचा मग सगळ्यात वरच्या फळीवर गेला. मग सोफ्याच्या उशांची अदलाबदल झाली. आणि एके दिवशी आईबाबांच्या लग्नाचा फोटो पुस्तकांच्या मागे सापडला.

"बाबा, हा इथे कसा?"

"मला काय ठाऊक!" बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

बाबा हल्ली उगाचच खुशीत होते. शीळ घालत घरभर फिरायचे. आई मात्र उशिरा यायची, आल्यावर गप्प असायची. पूर्वी पंखा किती जोरात लावायचा यावरूनसुद्धा दोघांची जुंपायची. आता बाबा काहीही बोलले की ती "बरं" म्हणायची आणि आत निघून जायची. त्या "बरं"ची प्लास्टरला भीती वाटायला लागली.

तिला याचा एकच अर्थ लागत होता. आई या घरातून काढता पाय घेतेय, हळूहळू, कुणाला कळू न देता. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो काही केल्या निघेना. लेक्चरमध्ये सर लाइटिंग शिकवत होते आणि हिला आईचा चेहरा दिसत होता.

"आई, सगळं ठीक आहे ना?" एका संध्याकाळी तिनं विचारलंच.

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली आणि तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला. हात जरा जास्तच वेळ फिरला असं प्लास्टरला वाटलं. मग वाटलं, आपणच वेड्या आहोत. चांगल्याभल्या शॉटला भलतं म्युझिक लावत बसलोय.

रविवारी आई सकाळीच मावशीकडे निघाली. "तुमचा पसारा मला बघवायचा नाही. बाबांनी जेवायला टाळाटाळ केली तर ऐकू नकोस," ती म्हणाली. तिच्या हातात फक्त नेहमीची पर्स होती. तेवढं पाहून प्लास्टरचा जीव भांड्यात पडला.

मग ग्रुप आला. वायरी, लाइट, स्टँड यांनी हॉल भरून गेला. लंबूनं बाबांना लाइट धरायला उभं केलं आणि बाबा लहान मुलासारखे खूश झाले.

"हिरॉइनच्या आईसाठी एखादा स्वेटर मिळेल?" डायरेक्टरनं विचारलं.

प्लास्टरनं आत जाऊन आईचं कपाट उघडलं. आत नुसते हँगर होते. खालच्या खणात कोपराला उसवलेला एक स्वेटर, बाकी काही नाही.

ती रिकाम्या हातांनीच हॉलमध्ये आली.

"बाबा, आई आपल्याला सोडून चाललीय. तुम्हाला दिसत कसं नाही?"

सगळे जागच्या जागी थिजले. तिला आता थांबता येईना. "घड्याळ बघा, तुमचा मग बघा. उशा, फोटो... लग्नाचा फोटो, बाबा!" आणि तिला रडू फुटलं.

आधी लंबू फिस्कन हसला. मग डायरेक्टर. मग बाबा, इतके की हातातला लाइट हलायला लागला.

"पास! प्लास्टर पास!" लंबू ओरडला. "अगं, मीच काकांना गळ घातली होती. रोज एखादी वस्तू हलवा, बघू हिला कळतं का. एक जरी सुटली असती ना, तर तुला कंटिन्युइटी नाही!"

"चहाचा मग वर ठेवला नि मलाच रोज स्टूल घ्यावं लागलं," बाबा डोळे पुसत म्हणाले. "आणि तुझी आई! फोटो गायब झाला तरी पठ्ठीच्या काही म्हणजे काही लक्षात आलं नाही."

प्लास्टरनं लंबूच्या पाठीत सणसणीत गुद्दा घातला. मग बाबांच्या गळ्यात पडली. इतक्या दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता येत होता. सगळ्यांचाच राग आला होता आणि सगळ्यांवरच प्रेम दाटून आलं होतं.

"चला, पहिला शॉट!" डायरेक्टरनं टाळी वाजवली.

"थांब गं," प्लास्टर नाक पुसत म्हणाली. "बाबा, पण कपाटाची तर कमालच केलीत हं. आईचे एवढे सगळे कपडे लपवलेत तरी कुठे?"

बाबा अजून हसतच होते.

"कुठले कपडे?" त्यांनी विचारलं.