उसवलेली केबल

"चल, स्टिअरिंगवर बस. विंचचं बटण मी दाबतो," माझा नवरा हेरंब म्हणाला. आमची जीप ओढ्यातल्या चिखलात बंपरपर्यंत रुतली होती. जीपच्या पुढच्या बाजूला बसवलेल्या विंचची केबल समोरच्या ऐनाच्या झाडाला बांधली होती. ती गुंडाळत गेली की जीप वर येणार होती.

मी केबलवरून हात फिरवला, तर तुटकी तार हातमोज्यात घुसली. "अरे, ही उसवलीय. बदल म्हटलं, तर तू टपावर दिवे लावलेस!"

"हत्तीलासुद्धा ओढेल ती. उगाच घाबरू नकोस."

"वहिनी, बसा हो," त्याचे जीप-क्लबातले मित्र हसले. मी बसले. लग्न झाल्यापासून बसतच आलेय.

काचेतून पाहिलं, तर हेरंब रिमोट घेऊन मागे मागे सरकत थेट कातळाआड गेला. नुसतं डोकं दिसत होतं.

तुटलेली केबल काच फोडून आत येते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी उतरले, चिखल तुडवत गेले आणि त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला. "आता तू बस. बटण मी दाबते."

त्याने जीपकडे पाहिलं, केबलकडे पाहिलं.

"कुणीतरी ट्रॅक्टर बघा रे," तो मित्रांना म्हणाला.