मंजीतचं यीस्ट

"वाढ उत्तम आहे, प्रथिनाचा मात्र पत्ता नाही," डॉ. विश्वनाथ आगाशे प्रथिन तपासायच्या जेलपट्टीचा फोटो खिडकीशी धरून म्हणाले. "तिसरी खेप वाया गेली. दिल्लीला काय तोंड दाखवू, शैलजा?"

शैलजा यीस्ट वाढवायच्या फर्मेंटरच्या काचेतून आतला फेस बघत होती. "पुन्हा करू, सर."

तिचा आवाज हल्ली सपाट झाला होता. सांगलीहून चंडीगडला आली तेव्हा ही मुलगी एका वाक्यात तीनदा हसायची. पण त्या वर्षी संस्थेत कोणीच फारसं हसत नव्हतं. पंजाबातल्या बातम्या रोज येत. लोक पेपर उघडत, मेलेल्यांचा आकडा वाचत आणि चहा मागवत. आगाशेही त्यांतलेच.

यीस्ट मंजीतचं होतं, शैलजाच्या बरोबरीनं लॅबमध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं. काविळीच्या लशीला लागणारं प्रथिन बनवणारा जनुक त्यानं त्यात घातला होता. हे यीस्ट मिथेनॉल खातं. मिथेनॉल मिळालं की तो जनुक जागा होतो आणि प्रथिन बनू लागतं. सगळं जमत आलं होतं, तोच होळीच्या सुमारास सेक्टर १७च्या बस अड्ड्यावर साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी मंजीतला जीपमध्ये घातलं. ठाण्यात नंतर म्हणाले, असा मुलगा आणलाच नव्हता. आपला विद्यार्थी म्हणून आगाशांना तिथं जाऊन चार शब्द बोलता आले असते. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ते नोकरीत पुरतं शिकले होते. ते गेले नाहीत.

मंजीतची आई रोपडकडच्या गावाहून येई आणि व्हरांड्यात बसून राही. मुलगा परत येईल ही आशा तिनं सोडली होती. "बस, थां दस्स देओ," जो भेटेल त्याला ती एवढंच म्हणे. जागा तेवढी सांगा, तिथं जाऊन डोकं टेकवून येते. ती दिसली की आगाशे मागच्या जिन्यानं उतरत.

उन्हाळ्यात संस्थेला पहारा मिळाला. हवालदार दलबीर, गडगडाटी आवाजाचा गडी. आपण आधी बस अड्ड्यावर ड्युटीला होतो, हे त्यानं आल्याआल्या सांगून टाकलं. संध्याकाळी तो लॅबमध्ये पंख्याखाली येऊन बसे. भिंतीवर मंजीतचा फोटो होता. दलबीर नेमका त्याच्याकडे पाठ करून खुर्ची मांडे.

एका मंगळवारी आगाशे चष्मा विसरला म्हणून लॅबमध्ये परतले. फर्मेंटरला नळी जोडलेल्या मिथेनॉलच्या कॅनमधून दलबीर स्टीलच्या ग्लासात ओतून घेत होता. कॅनवर लाल कवटीचं चित्र होतं.

"अरे, ज़हर है वो!"

"साबजी, ये तो चोरों के लिए चिपकाते हैं," म्हणत त्यानं ग्लास रिकामा केला.

आगाशांनी शैलजाला बाहेर गाठलं. "तो मिथेनॉल पितोय! आंधळा होईल, मरेल!"

"एकदा सांगितलं होतं मी त्याला, सर."

"एकदा? मग कॅनला कुलूप घाल!"

"मी काय करतेय ते मला कळतंय," ती म्हणाली आणि आत गेली.

बस अड्डा, मंजीत आणि हा कॅन. दोन आणि दोन चार व्हायला वेळ लागला नाही. टेबलावर फोन होता. इस्पितळाला एक फोन केला असता तर माणूस वाचला असता. आगाशे घरी आले, जेवले, बातम्या पाहिल्या, अंथरुणावर पडले. आपल्याला काहीच वाटत नाही, याचीच त्यांना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी फाटकावर दलबीरनं खणखणीत सलाम ठोकला. आगाशांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांना फसवल्यासारखं वाटलं.

दुपारी त्यांनी कॅनमधले चार थेंब काढून यंत्रावर तपासले. त्यात मिथेनॉल नव्हतंच. साधं इथेनॉल होतं, पिण्याच्या दारूतलं. त्यावर यीस्ट गुटगुटीत होतं, पण तो जनुक झोपून राहतो. तिन्ही खेपा कशामुळे गेल्या ते आता कळलं. दलबीर चोरून पितो हे पाहून ह्या बाईनं कॅन बदलला होता. ज्यानं मंजीतला उचललं, त्याचाच जीव सांभाळण्यासाठी तिनं मंजीतचं काम मातीत घातलं होतं!

कित्येक महिन्यांनी आगाशांना राग आला. खराखुरा राग. ऊन उतरत होतं. ते तरातरा लॅबकडे निघाले आणि त्यांनी दार ढकललं.

दलबीर लहान मुलासारखा रडत होता. समोर स्टुलावर शैलजा बसली होती, कॅन मांडीवर घेऊन.

"उसी दिन, मैडमजी," तो हुंदक्यांतून म्हणाला. "उसी दिन नहर में डाल दिया था."

शैलजानं त्याचा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.

"कौन से पुल के पास?" तिनं विचारलं.