कुत्र्याची सुटका

जप्त जहाजाच्या शिडीवर कुत्रा फतकल मारून बसला, तो हलेचना.

निर्बंध खात्याच्या साहेबांनी त्याला चुचकारलं, दोरी ओढली, शेवटी घामाघूम होऊन वर पाहिलं. वर जहाजाचं मशीन सांभाळणारा मिस्त्री उभा होता. जहाजाचा मालक म्हणजे परदेशातलं बडं धेंड. त्याच्यावर निर्बंध लागले आणि सरकारने हे आलिशान जहाज धक्क्याला बांधून ठेवलं. मालक केव्हाच विमानाने पसार झाला. अडकला मिस्त्री. गोठवलेल्या मालमत्तेची किंमत उतरता कामा नये, म्हणून मशीन चालू हवं, आतला गारवा टिकायला हवा, आणि बदली माणूस मिळेपर्यंत मिस्त्रीने जहाज सोडायचं नाही, असा नियम. बदली माणूस शोधायचा कोणी, हे मात्र नियमात नव्हतं.

मिस्त्रीचे वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. सकाळीच ताईचा फोन आला होता, डोळे उघडले की दाराकडेच बघतात म्हणून. रजेसाठी मिस्त्रीने साहेबांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते. साहेब दर वेळी म्हणायचे, वर पाठवलंय. मालकाच्या वकिलाने मालकाच्या या कुत्र्याला सोडावं म्हणून अर्ज केला, तो मात्र हातोहात मंजूर होऊन आला. मुक्या जिवाचे हाल नकोत म्हणे. माणूस मुका नसतो, हीच त्याची चूक. ते ऐकून मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"अहो, बघत काय उभे राहिलात? तुमचं ऐकतो ना तो?" साहेब म्हणाले. "वकिलांची गाडी आलीय. तिथपर्यंत सोडा त्याला. तेवढ्यापुरतं उतरा."

कुत्र्यासाठी नियम वाकला. मिस्त्री खाली उतरला. कुत्रा निमूट त्याच्या मागे आला आणि उघड्या दारातून गाडीत चढला. पाठोपाठ मिस्त्रीही चढला आणि त्याने दार ओढून घेतलं.

साहेबांनी काच बडवली. मिस्त्रीने ती अर्धी खाली केली. मशीन कोण बघणार, असं साहेब ओरडत होते. निर्बंध मोडल्याचा गुन्हा दाखल करीन, सरळ तुरुंगात जाल, असंही म्हणाले.

"घाला साहेब तुरुंगात," मिस्त्री म्हणाला. "मरणाऱ्या बापाला बघायला कैद्याला तरी सोडतात."