कपाटानं दिलेली सुट्टी

औषधांच्या कपाटानं सिस्टर मालन यांचा हात ओळखला, पण दार काही उघडलं नाही. पडद्यावर अक्षरं आली : 'थकवा जास्त. घरी जा.'

"अहो, माझ्या जागी येणारी सिस्टर यायचीय अजून!"

"मी थांबते. ते मेलं आज तुमचं ऐकायचं नाही," मेट्रन हसल्या. "पळा, लेकीची फायनल आहे ना?"

मालन गणवेशातच धावत सुटल्या. लेकीचा एकही सामना त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मैदानावर पोचल्या तेव्हा शर्वरी 'कबड्डी, कबड्डी' घुमवत चढाईवर होती. तिला गर्दीत आई दिसली.

"आई! तू?"

दम तुटला, शिट्टी वाजली. बाद झालेली शर्वरी उड्या मारतच आईला बिलगली.

कॅप्टन ओरडली, "काकू, गुण तुमच्यामुळे गेला! आता घसा फुटेपर्यंत ओरडा!"

मालन ओरडू लागल्या.